ट्रेकला काही झालं तर जबाबदार कोण, लीड का येणारा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इंदिरानगरची सोसायटी, तीस-पस्तीस जणांचा ग्रुप, महिन्यातून एक ट्रेक, पैसे फक्त गाडीचे आणि चहा-नाश्त्याचे, लीड करणारे तुम्ही आणि दोन मित्र, कोणी एक रुपया घेत नाही. मागच्या महिन्यात त्र्यंबकजवळच्या अंजनेरी किल्ल्यावरून उतरताना एका ताईंचा पाय घसरला, घोट्याला फ्रॅक्चर निघालं, आता त्यांच्या घरचे म्हणतात तुम्ही नेलं होतं तर तुम्हीच जबाबदार, आणि ग्रुपमधले काही जण म्हणतात की सगळ्यांकडून हमीपत्र लिहून घ्या म्हणजे विषयच मिटला. वर ऑगस्टला हरिहर किल्ला ठरलाय. आणि तुम्ही विचारताय हे चालू ठेवू का बंद करू.

मी नाशकातच एका क्लबबरोबर बरीच वर्षं हेच बिनपैशाचं काम करतोय, नवीन लीड तयार करणंही माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

तर आधी सरळ उत्तर. जबाबदारी बसच्या भाड्यासारखी माणशी वाटून घेता येत नाही. लीडची आहे ती पूर्ण लीडची आणि येणाऱ्याची आहे ती पूर्ण येणाऱ्याची, एकाने आपली नीट पार पाडली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. कुठे जायचं, कुणाला न्यायचं, कधी निघायचं, कधी मागे फिरायचं हे लीडचं. स्वतःचं शरीर काय झेपवू शकतं, पायात काय आहे, पोटात काय आहे, आणि आता पुढे जमणार नाही हे तोंडाने सांगणं, हे येणाऱ्याचं. आणि माझ्या बघण्यात जेवढे प्रकार आलेत त्यातल्या बहुतेकांचं मूळ डोंगरावर नसतं, ते आदल्या आठवड्यात ग्रुपवर पडलेल्या मेसेजमध्ये आणि त्याला आलेल्या उत्तरात असतं, कारण लीडने ट्रेक खरा सांगितलेला नसतो आणि येणाऱ्याने स्वतःबद्दल खरं सांगितलेलं नसतं.

हमीपत्राचं आधी उरकतो. मी वकील नाही, सोसायटीत कोणी असेल तर विचारून घ्या, पण एवढं नक्की की कागदावर सही घेतल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या आयपीसीत ३०४-अ ला ती दोन वर्षं होती. दुखापतीसाठी कलम १२५ आहे. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की आयोजकाने फी घेतली नसेल तर सोडून द्या. तसंच राज्य सरकारने साहसी उपक्रमांसाठी २०१८ ला जीआर काढला आणि २०२१ ला साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार वगैरे गोष्टी त्यात आल्या. तुमचा ग्रुप आज घरगुती आहे, पण बाहेरची माणसं यायला लागली, माणशी थोडे जास्त घेऊन उरलेल्यातून रोप-बिप (चढाईचा दोर) घ्यायला लागलात की तुम्ही आयोजक झालात, तेव्हा तो कागद एकदा बसून वाचाच. आणि तोपर्यंत दर ट्रेकचा हिशेब ग्रुपवर टाकत जा, दहा रुपये उरले तरी.

मग फॉर्म घ्यायचाच नाही का, तर घ्यायचा. पण "माझ्या जबाबदारीवर येत आहे" ह्या एका ओळीसाठी नाही. त्यावर रक्तगट पाहिजे, घरच्या माणसाचा नंबर पाहिजे (जो ट्रेकला येत नाहीये अशा माणसाचा, नवरा-बायको दोघं आले आणि एकमेकांचे नंबर दिले असं सर्रास होतं), चालू औषधं, कशाची ॲलर्जी, दमा, फिट्स, शुगर, बीपी, गेल्या सहा महिन्यांतलं ऑपरेशन किंवा मोडलेलं हाड, उंचीची भीती. अठराच्या आतलं पोरगं असेल तर आई किंवा वडिलांची सही, काका-मामाची नाही. ह्या फॉर्मचे फोटो दोन लीडच्या फोनमध्ये पाहिजेत आणि एक सेट घरी थांबलेल्या माणसाकडे. कपाटातल्या फाईलमध्ये ठेवलेल्या फॉर्मचा डोंगरावर काडीचा उपयोग नाही.

आता मेसेजवर येतो, कारण मला खरं बोलायचंय ते ह्याच्यावर.

तुमच्या अंजनेरीच्या मेसेजमध्ये काय लिहिलं होतं मला माहीत नाही, पण बहुतेक ग्रुपवर जे असतं तेच असणार, "सोप्पा ट्रेक, सगळ्यांसाठी, हनुमानाचं जन्मस्थान, निसर्गाचा आनंद, लवकर नावं द्या, सीट मर्यादित". ह्यातून येणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. उलट त्याला असं वाटलं की सोप्पा आहे म्हणतायत तर आपल्या गुडघ्याचं कशाला सांगायचं. मी असा लिहितो: अंजनेरी, उंची साधारण १२८० मीटर, वर-खाली धरून पाच ते सहा तास, निम्मा वेळ उतरण्याचा. मध्ये दोन कड्यांमधल्या घळीतून पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहतं, तिथे शेवाळ असतं. वर पठारावर वारा आणि धुकं, वाट चुकू शकते म्हणून कोणी सुटं फिरायचं नाही. माकडं पिशवी ओढतात, खाऊ हातात धरायचा नाही. पाणी तीन लिटर घरून. ज्यांना दोन जिने चढून दम लागतो किंवा उतरताना गुडघा दुखतो त्यांनी आधी मला फोन करा. असा मेसेज टाकला की चाळीसची पंचवीस नावं होतात, आणि ती पंचवीस बरोबर माणसं असतात. नावं कमी झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

वेळेचा अंदाजही खरा सांगायचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ ला एक ठोकताळा दिला होता, दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. कळसूबाईला बारी गावातून लावून बघा, साडेसहा किलोमीटर आणि आठशे मीटर चढ, म्हणजे साधारण दोन तास चाळीस मिनिटं. पण हा हिशेब चालत्या, सवयीच्या माणसाचा, त्यात थांबे नाहीत. सोसायटीच्या ग्रुपला चार तास लागतात, शिडीला गर्दी असली तर साडेचार, आणि ग्रुपचा वेग सगळ्यात हळू माणसाचा असतो, सरासरी वगैरे काही नसतं. मेसेजमध्ये "दोन तासांत वर" लिहिलं की मागचा माणूस दोन तासांनंतर स्वतःला गुन्हेगार समजायला लागतो, मग तो न थांबता, पाणी न पिता ओढत राहतो, आणि उतरताना त्याचेच पाय थरथरतात.

दुसरी बाजू येणाऱ्याची. फॉर्मवर लोक "काही नाही" लिहितात, ही वस्तुस्थिती धरून चाला. त्यामुळे नवीन माणूस असला की मी पाच मिनिटं फोनवर बोलतोच, आणि "तब्येत ठीक ना?" असं विचारत नाही कारण त्याचं उत्तर "एकदम" असंच येतं. मी विचारतो शेवटचं कधी चार तास सलग चाललात, सकाळी कोणत्या गोळ्या घेता, गच्चीच्या कठड्याजवळ उभं राहून खाली बघवतं का. गोळ्यांचं विचारलं की बीपी आणि शुगर आपोआप बाहेर येते. शुगरवाल्या माणसाला मी न्यायला नाही म्हणत नाही, उलट बरोबर दोन बिस्किटं आणि साखर ठेवा, गोळी घेऊन उपाशी चढू नका, आणि घाम फुटून हात थरथरायला लागले तर त्याच क्षणी शेजारच्याला सांगा, एवढं सांगतो आणि मागच्या लीडला त्याची कल्पना देऊन ठेवतो. लपवलेली शुगर मात्र घातक, कारण माणूस गप्प बसतो, चिडचिड करतो, आणि आपल्याला वाटतं दमलाय.

इथेच एक नाजूक गोष्ट. लोक लपवतात कारण त्यांना ग्रुपमधून वगळतील अशी भीती असते, किंवा चारचौघांत हसतील अशी. ते हसणं लीडने पहिल्या दिवशी बंद केलं पाहिजे. मागे राहिलेल्याला "काय काकू, लिफ्ट मागवू का" असं कोणी म्हटलं की मी तिथेच थांबवतो, कारण त्या एका वाक्यानंतर त्या काकू पुढच्या वेळी गुडघा दुखतोय हे सांगणार नाहीत.

आणि लीडला नाही म्हणता आलं पाहिजे. ओळखीतल्या माणसाला, सोसायटीच्या चेअरमनला, ज्याने गाडीची सोय करून दिली त्याला सुद्धा. हे जागेवर जमत नाही म्हणून आधीच ठरवून ठेवायचं आणि मेसेजमध्ये लिहायचं, की निघताना बूट बघितले जातील, चालणार नसतील तर गाडीत बसवणार नाही, पैसे परत. मी सीबीएस बसस्टँडला गाडी भरायच्या आधी प्रत्येकाला बूट उलटा करायला लावतो. सोल अंगठ्याने घासून बघायचा, खाचा आहेत का गुळगुळीत झालाय, आणि पुढच्या टोकाला सोल सुटलाय का ते वाकवून बघायचं. जिमचे आणि रनिंगचे बूट वरून नवे दिसतात पण ओल्या कातळावर धरत नाहीत, आणि माळ्यावर दोन-तीन वर्षं पडलेल्या ट्रेकिंग बुटाचा सोल डिंक वाळून मधूनच निघतो, असे सोल नाडीने बांधून उतरलेली माणसं मी पाहिलीत. ह्या तपासणीला वीस मिनिटं जातात. जाऊ द्या. जीन्स घालून आलेल्यालाही पावसाळ्यात मी बदलायला सांगतो, ओली जीन्स वाळत नाही, जड होते, गुडघा वाकू देत नाही आणि पठारावरच्या वाऱ्यात अंग गार पाडते. सह्याद्रीत कुठला आलाय हायपोथर्मिया असं लोक म्हणतात, पण दहा-बारा डिग्रीत भिजलेला, उपाशी, दमलेला माणूस वाऱ्यात अर्धा तास उभा राहिला की दात वाजायला लागतात, मग बोलणं अडखळतं. कोरडा टीशर्ट आणि एक प्लास्टिकची मोठी पिशवी प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाहिजेच.

चालताना पुढे एक, मागे एक, मध्ये एक, हे तुम्ही करतच असाल. पण मागचा माणूस कोण असावा? बहुतेक ग्रुपमध्ये सगळ्यात अनुभवी माणूस पुढे पळतो आणि नवीन पोराला मागे ठेवतात. माझ्या मते हे उलटं पाहिजे. वाट माहीत असलेला कोणीही पुढे चालू शकतो, अडचणी मागे होतात, दम लागणं, पेटके, भीती, बूट तुटणं सगळं मागे, त्यामुळे निर्णय घेऊ शकणारा माणूस मागे पाहिजे आणि त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये, फोटोसाठी सुद्धा नाही. जिथे वाट फुटते तिथे मागचा दिसेपर्यंत थांबायचं, हा नियम फक्त लीडचा नाही, प्रत्येकाचा, माझ्या मागचा मला दिसला आणि त्याला मी दिसलो की मगच पुढे. नंबर देऊन मोजणी, निघताना, प्रत्येक थांब्यानंतर, वर पोचल्यावर, उतरायला लागताना. तीस जणांना तीन लीड हे अंजनेरीला ठीक आहे, आम्ही साधारण दहाला एक धरतो, पण कातळातल्या पायऱ्या असतील तर सहाला एक, आणि तेवढे लीड नसतील तर माणसं कमी न्यायची.

उतरण्याबद्दल जास्त बोलतो कारण तुमच्या ताई उतरतानाच पडल्या आणि ते नवल नाही. माथ्यावर पोचलं की लोकांना वाटतं झालं. जेवण होतं, अंग जड होतं, मांड्या थकलेल्या असतात, घरी जायची घाई असते, पुढचे गप्पा मारत सुटतात आणि मागचे त्यांना गाठायला पळतात. त्या घळीतल्या पायऱ्यांवर तुमची माणसं कशी उतरत होती हे जरा आठवा. मी तिथे सगळ्यांना वर थांबवतो, एक लीड खाली जाऊन उभा राहतो, एक मध्ये, आणि चार-चार जणांना सोडतो. काठी असेल तर घडी करून सॅकला, हात मोकळे. पाऊल आडवं टाकायचं, टाचेवर भार नको, पायरी ओली असेल तर जिथे माणसांच्या वर्दळीने शेवाळ घासलं गेलंय तिथे पाय. मोबाईल खिशात. ह्याला पाऊण तास जास्त लागतो आणि लोक कुरकुर करतात, करू देत, पण हा पाऊण तास सकाळच्या हिशेबात धरलेला पाहिजे, नाहीतर संध्याकाळी अंधार गाठतो आणि मग लीडच घाई करायला लागतो. म्हणूनच परत फिरायची वेळ सकाळी पायथ्याला सगळ्यांसमोर जाहीर करायची, बारा म्हणजे बारा, माथा दहा मिनिटांवर असला तरी. ती वेळ सगळ्यांनी ऐकलेली असली की वर भांडण होत नाही.

बाकीच्या धोक्यांचं भराभर सांगतो. आपल्या भागात आग्या मोहोळ हा फार मोठा धोका आहे, कड्याखाली, लेण्यांच्या कपारीत असतात, सेंट-डिओ मारून यायचं नाही, कड्याखाली चूल किंवा सिगरेट नाही, मोठ्याने गाणी नाहीत, आणि माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं झाकून तिथून लांब जायचं, बसून राहायचं नाही. कड्यावर मात्र पळायचं नाही, आधी पाय नीट ठेवायचा. विजेचा इशारा मिळायला पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर माथ्यावर थांबायचंच नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ट्रेक रद्द, आणि तो रद्द करायचा अधिकार एकट्या लीडचा, ग्रुपवर पोल घ्यायचा नाही. साप चावला तर चिरा, आवळपट्टी, जडीबुटी काही नाही, पाय हलू न देता उचलून दवाखाना, आणि फुरसं हा विषारी साप आपल्या ह्या दगडाळ माळावर भरपूर आहे तेव्हा दगड उलटायचे नाहीत.

पाण्याचं मात्र नीट सांगतो. त्र्यंबकच्या बाजूला सकाळी घोट्याएवढं असलेलं ओढ्याचं पाणी दुपारी कमरेला लागतं, आणि तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसला तरी, कारण तो वर डोंगरावर पडलेला असतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडी धबधब्यावर हेच झालं, जाताना ओलांडलेल्या पाण्याने परतीची वाट बंद केली, वीसच्या वर माणसं पलीकडे अडकली, बचाव पथकाने रात्रीच्या अंधारात काढली आणि एकाचा जीव गेला. पाण्याचा रंग गढूळ झाला, काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाज बदलला, की अलीकडे असाल तर अलीकडेच थांबा, पलीकडे असाल तर तिकडेच उंचावर बसा. ओढा उतरतो, थांबायचं. रात्र काढावी लागली तरी चालेल. हात धरून साखळी करून ओलांडायचा जो प्रकार पोरं करतात त्यात एकाचा पाय सुटला की चार जण जातात.

आता हरिहर. तुम्ही ऑगस्ट धरलाय, माझं स्पष्ट मत, नेऊ नका. त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या साधारण ऐंशी अंशात उभ्या आहेत, धरायला खोबण्या आहेत, कठडा नाही. १८१८ ला इंग्रजांनी आपल्या ह्या पट्ट्यातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, अलंग-मदन किल्ल्यांच्या वाटा अशाच गेल्या म्हणून तिथे आज रोपशिवाय जाता येत नाही, हरिहरच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या. चढताना तोंड दगडाकडे असतं म्हणून भीती कळत नाही. वरच्या दरवाज्यातून कातळातली अरुंद वाट, परत पायऱ्या, माथा, आणि मग कळतं की उतरायचंय पण ह्याच वाटेने. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे एवढी गर्दी होते की वर जाणारे आणि खाली येणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात, वनखातंही वेळोवेळी बंदी घालतं नाहीतर माणसं मर्यादित ठेवतं. अशा वेळी तुमचा माणूस कितीही शिस्तीत असला तरी वरचा अनोळखी माणूस घसरला की तो तुमच्या माणसावर येतो. ह्यावर लीड म्हणून तुम्ही काहीही करू शकत नाही, आणि जिथे आपलं काही चालत नाही तिथे तीस जणांना नेणं हा निष्काळजीपणाच झाला.

हरिहरला मधेच भीतीने गोठलेला माणूस कसा उतरवायचा हे तुमच्या तिन्ही लीडला आलं पाहिजे, न्यायच्या आधी. तो माणूस दोन्ही हात खोबणीत घालून छाती दगडाला चिकटवून उभा असतो, पोटऱ्या थडथड उडत असतात, आणि खालून दहा जण "अरे काही नाही होत, ये" म्हणून ओरडत असतात. आधी ते ओरडणं बंद करायचं. एकाच माणसाने बोलायचं. लीडने त्याच्या खालच्या पायरीवर जाऊन, स्वतःचे दोन्ही हात खोबणीत ठेवून, त्याचं नाव घेऊन बोलायचं. टाचा खाली टेकवायला सांगायचं, चवड्यावर उभं राहिलं की पोटऱ्या उडतात, टाच टेकली की थांबतात. मग तोंड दगडाकडेच ठेवून, "डावा पाय सोड, खाली, अजून थोडा, टेकला, आता भार दे, आता उजवा हात खालच्या खोबणीत". एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकीचे तीन पक्के. खाली बघ किंवा बघू नको, काहीच म्हणायचं नाही, त्याचं लक्ष तुमच्या आवाजावर राहू द्या. हे नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या एखाद्या छोट्या कातळावर आधी करून बघता येतं, जमिनीपासून पाच फुटांवर, दोन रविवार घालवले तर तिघांनाही येईल.

काही झालंच तर. तुमच्या ताईंच्या वेळी काय केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढच्यासाठी सांगतो. घोटा सुजला तर लगेच बूट काढायची घाई करू नका, परत पायात जात नाही, नाडी सैल करा, पायाची बोटं हलतात का, बधिर झालीत का विचारा, बुटासकट क्रेप बँडेज बांधा. बोटं गार, निळी वाटली तर मात्र सैल करायचं, गरज पडली तर बूट काढायचाच. भार देता येत नसेल तर चालवत आणायचं नाही, भले सगळे म्हणोत की नुसता मुरगळलाय. पेनकिलर आपल्या मनाने द्यायची नाही, फॉर्मवर ॲलर्जी बघायची आणि तिची स्वतःची गोळी असेल तर तिने घ्यायची. एक लीड जखमीपाशी थांबतो, दुसरा बाकीच्यांना एका सुरक्षित जागी बसवतो, तिसरा फोनवर. सगळेच जखमीभोवती गोळा झाले की दुसरा अपघात होतो.

फोन ११२ ला, ॲम्ब्युलन्सला १०८, आणि गिर्यारोहण महासंघाचं बचाव समन्वय केंद्र आहे, एमएमआरसीसी, त्यांचा हेल्पलाईन नंबर आजच सेव्ह करून ठेवा, ते जवळच्या रेस्क्यू टीमला कळवतात. रेंज नसेल तर एसएमएस जातो कधीकधी, जीपीएसला रेंज लागत नाही त्यामुळे लोकेशनचे आकडे लिहून पाठवा. पण हे समजून घ्या की येणारी पोरंही आपल्यासारखीच स्वयंसेवक आहेत, नोकरी-धंदा सोडून निघतात, नाशकातून पायथा आणि मग चढून तुमच्यापर्यंत, तीन-चार तास सहज जातात. तेवढा वेळ जखमी माणसाला कोरडं, गरम आणि शांत ठेवणं हे तुमचं काम. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा माणसं लागतात आणि बदलायला तेवढीच, उतारावर तर जास्त. म्हणून पायथ्याच्या गावात सकाळी जाताना थांबून बोलायचं, कुठे चाललोय, किती जण, कधी परत येणार. हरिहरच्या पायथ्याचं निरगुडपाडा असो की हर्षेवाडी, की अंजनेरी गाव, प्रसंगाला पहिली मदत ह्याच माणसांची येते, झोळी करून खांद्यावर माणूस उतरवतात ती. नाश्ता त्यांच्याकडे घ्या, शहरातून पार्सल नेऊ नका.

तुमच्या लीडनी प्रथमोपचाराचा कोर्स केलाय का? रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा करा, सीपीआर हाताने पुतळ्यावर करून बघितलेला पाहिजे, व्हिडिओ बघून येत नाही. बेसिक माउंटेनियरिंग कोर्स उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनालीला होतो, जरूर करा, पण तो केलेला माणूस आपोआप चांगला ट्रेक लीड होतो असं नाही, तिथे बर्फ आणि रोप शिकवतात, पन्नाशीच्या काकांना प्रेमाने गाडीत थांबवणं शिकवत नाहीत. आणि ग्रुप अपघात विमा बघा, घेताना साहसी खेळ वगळलेत का ते एकदा वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसीत वगळलेले असतात.

येणाऱ्या सगळ्यांना हे वाचून दाखवा म्हणून लिहितो. लीड फुकट वेळ देतोय म्हणजे तो तुमचा नोकर नाही आणि पालकही नाही. तुमचं पाणी तुम्ही उचलायचं, टॉर्च तुमची, गोळ्या तुमच्या. थांब म्हटलं तिथे थांबायचं, वाद खाली आल्यावर घालायचा. आणि जमत नसेल तर सांगायचं, मोठ्याने, पहिल्या तासाला, कारण पहिल्या तासाला एका लीडबरोबर परत पाठवता येतं, चौथ्या तासाला सगळ्या ग्रुपला थांबावं लागतं.

राहिलं त्या ताईंच्या घरचं. फोनवर नका बोलू, घरी जा, तिघंही जा. हमीपत्राचा विषय काढू नका, "तुम्ही बूट बरोबर घातले नव्हते" हेही नको. त्या दिवशी कोणत्या पायरीवर, किती वाजता, कोण पुढे-मागे होतं, आणि नंतर आपण काय केलं, हे जसं घडलं तसं सांगा, आणि मेसेजमध्ये जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगा. घरच्यांचा राग बहुतेक वेळा अपघाताचा कमी आणि नीट काही न कळल्याचा जास्त असतो असं मी पाहिलंय. खर्चाला ग्रुपने हातभार लावायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण लावला तर माणुसकी म्हणून लावा, सही घेऊन नको.

आणि बंद करू नका. सोसायटीतली पन्नाशीची माणसं, ज्यांना कोणी ट्रेकला नेत नाही, ती तुमच्या ग्रुपमुळे डोंगर बघतायत, हे फार मोलाचं काम आहे आणि ते पैसे घेऊन नेणारे कोणी तुमच्यासारखं करणार नाही. ऑगस्टला रामशेज ठेवा, शहरापासून जवळ आहे, दोन-अडीच तासांत होतो, नवीन फॉर्म, नवीन मेसेज, बूट तपासणी, मागे अनुभवी माणूस, सगळं तिथे करून बघा. हरिहर डिसेंबरात न्या, दगड कोरडा असताना, आठवड्याच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी, हर्षेवाडीच्या बाजूने, पहाटे लवकर पायऱ्यांना भिडता येईल असं, आणि बारापेक्षा जास्त माणसं नकोत. बाकीच्यांना जानेवारीत दुसरी बॅच.